नोंदीखालची सही: रेगे, मे. पुं.

टिपणवही (धागालेखिका)

मराठी विश्वकोशातली नोंद उघडली की मी आधी तळाशी जाते. तिथे लेखकाचं नाव असतं, आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या नोंदी चाळत गेलात तर 'रेगे, मे. पुं.' ही सही पुन्हा पुन्हा भेटते. भाषांतराच्या कामात जर्मन तत्त्वज्ञ कांटपाशी अडले तेव्हा पहिल्यांदा भेटली. इंग्रजीतली दोन पुस्तकं शेजारी उघडी होती, तरी वाक्याचा अर्थ लागला तो मराठी नोंदीतून. मनात आलं, या माणसाने हे आधी स्वतःला नीट समजावून घेतलं आणि मगच लिहिलं.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेघश्याम पुंडलिक रेगे, जन्म १९२४. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य होते. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नातवंडं खेळवतात, फार तर आत्मचरित्र लिहितात. यांनी इतरांचं लेखन हातात घेतलं. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं 'नवभारत' मासिक, पुण्याहून निघणारं इंग्रजी 'न्यू क्वेस्ट', आणि १९९४ च्या मे महिन्यात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गेल्यावर विश्वकोश निर्मिती मंडळाचं अध्यक्षपद. तेव्हा वय सत्तर. २८ डिसेंबर २००० ला गेले तोवर ते पद त्यांच्याकडेच होतं.

२०२४ हे त्यांचं शताब्दी वर्ष. माझ्या ते उशिरा ध्यानात आलं, म्हणून धागाही उशिराच. अशा माणसाचा गौरव करायचा म्हणजे काय करायचं, हे मला विचारायचं आहे. गौरवग्रंथ नको. आमच्या घरी तीन गौरवग्रंथ आहेत, एकाचीही पानं फाडलेली नाहीत (जुनी बांधणी, पानं कापून वाचायची असत, तरुण मंडळींसाठी खुलासा).

माझं मत आधीच सांगून टाकते. रेगे सरांचं मोठं काम त्यांच्या नावावरच्या पुस्तकांत सापडणार नाही. इतरांना मराठीत विचार करता यावा म्हणून त्यांनी जी जागा झाडून-पुसून ठेवली, तिथे ते आहे. पटत नसेल तर बोला.

---

लोकल८_१२

वाखु (वाचनखूण) साठवली. रविवारी निवांत वाचतो.

---

नेमकंबोला

धागा चांगला, पण अंमळ भक्तिभावाने लिहिलाय. मी थेट विचारतो. रेग्यांचा स्वतःचा सिद्धांत कोणता? तत्त्वज्ञ म्हटल्यावर काहीतरी स्वतःचं मांडायला नको का? मासिकं चालवणं, नोंदी लिहिणं, परिभाषा घडवणं ही कामं महत्त्वाचीच, पण ती संपादकाची. एवढी बुद्धी असलेल्या माणसाने एक भक्कम ग्रंथ लिहायचा सोडून दुसऱ्यांच्या लेखांतले ऱ्हस्वदीर्घ बघत बसावं हे मला नुकसान वाटतं. आणि आपण मराठी लोक त्या नुकसानालाच 'सेवा' म्हणून हार घालतो.

---

टिपणवही

नेमकंबोला, ऱ्हस्वदीर्घ बघणारा वेगळा आणि 'तुमच्या तिसऱ्या परिच्छेदातून चौथा निघत नाही' असं लेखकाला कळवणारा वेगळा. मराठीत पहिल्या प्रकारचे बरेच आहेत. दुसऱ्या प्रकारचे किती भेटले तुम्हाला?

बाकी 'नुकसान' या शब्दावर मी खरंच विचार करतेय.

---

घटपट

मी न्यायशास्त्राचा (कायदा नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) विद्यार्थी, पाठशाळेत शिकलेला. त्यामुळे माझी रेगे सरांशी ओळख उलट्या दाराने झाली. ती सांगितली तर नेमकंबोला यांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळेल असं वाटतं.

१९८३ मध्ये पुण्यात एक चर्चा झाली. जयपूरचे तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि रेगे सर यांचा त्यात पुढाकार होता. एका बाजूला इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला परंपरेने शिकलेले नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित. भाषा संस्कृत. आणि विषय? ब्रह्म नाही, माया नाही, 'भारतीय संस्कृतीचा जगाला संदेश' तर नाहीच नाही. विषय इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचं 'प्रपोझिशन', म्हणजे विधान! या चर्चांचं पुस्तक १९९१ मध्ये 'संवाद' या नावाने आलं. दयाकृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ असे चार संपादक.

यात विशेष काय ते आमच्या बाजूने सांगतो. पंडितांना सभेत बोलावतात ते बहुधा मंगलाचरणाला. स्वस्तिवाचन झालं, शाल पांघरली, दक्षिणा दिली, मग 'खरी' चर्चा इंग्रजीत सुरू. पंडित पुढच्या रांगेत बसून जांभया देतो. इथे त्याच्यापुढे एक खराखुरा प्रश्न ठेवला गेला आणि सांगितलं, बोला, तुमच्या शास्त्रात याचं काय होतं?

प्रश्न असा. 'मों ब्लां ४००० मीटरहून उंच आहे' असं मी म्हणालो, तुम्हीही म्हणालात. आपण दोघं जे एकच म्हणालो ते काय? रसेलचं सुरुवातीचं म्हणणं होतं की ते म्हणजे विधान, आणि त्या विधानात तो डोंगर स्वतः घटक म्हणून असतो. १९०४ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने त्याला पत्रातून विचारलं होतं की बर्फासकट अख्खा पर्वत विचाराचा घटक कसा होईल. रसेल म्हणाला, होतो.

आता नैयायिकाला हे ऐकवा. तो म्हणेल, 'विधान' नावाचा हा तिसरा पाहुणा कोण? माझ्याकडे वस्तू आहेत, ज्ञान आहे, आणि ज्ञानाचा वस्तूंशी विषयतासंबंध आहे, म्हणजे वस्तू ज्ञानाचा विषय होते. 'भूतलावर घट आहे' या ज्ञानात भूतल विशेष्य (ज्याच्याबद्दल ज्ञान होतं ते), घट प्रकार (त्याचं विशेषण म्हणून भासतं ते) आणि संयोग हा संसर्ग (दोघांना जोडणारा संबंध). संपलं. तुम्हाला झालेलं ज्ञान तुमच्या आत्म्याचा गुण, मला झालेलं माझ्या. दोन्हींचा विषय समान, एवढंच. मध्ये अधांतरी लोंबणारं विधान कशाला हवं?

रसेल पुढे काय करतो पाहा. १९१० च्या सुमाराला तो स्वतःच विधान सोडून देतो, कारण खोट्या विधानांचं काय करायचं ते त्याला कळेना. मग तो म्हणतो की निर्णय म्हणजे मनाचा एकाच वेळी अनेक वस्तूंशी असलेला संबंध. म्हणजे बराचसा आमच्या अंगणात आला की! हे पाहायचं तर रसेलही आतून माहीत हवा आणि न्यायही कानावरून गेलेला हवा. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

नेमकंबोला, एकट्याने बसून ग्रंथ लिहिता येतो. ही चर्चा एकट्याने होत नाही.

---

लोकल८_१२

रविवारपर्यंत थांबवेना. घटपट, 'हा तिसरा पाहुणा कोण' वाचून डब्यात मोठ्याने हसलो. शेजारचे काका सरकून बसले.

---

खानदेशी

धाग्यात अमळनेर आलं नाही म्हणून हजेरी लावतो 😊

प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरण्यांच्या पैशातून, तालुक्याच्या गावी! १९३० च्या दशकात तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक होते. तत्त्वज्ञान शिकायला म्हणून आलेले साने गुरुजी पुढे तिथल्याच शाळेत शिक्षक झाले, हे सगळ्यांना ठाऊक असेल. घ. र. मलकानींनी तिथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' कित्येक दशकं चालवलं. ते थांबल्यावर पुणे विद्यापीठातून १९७३ पासून 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघू लागलं. त्यामागे सुरेंद्र बारलिंगे. मराठी 'परामर्श'सुद्धा त्यांचंच.

शिवाय दे. द. वाडेकर. फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी तत्त्वज्ञान महाकोश हाती घेतला, १९७४ मध्ये तीन खंड बाहेर आले. तेव्हा निवृत्तीनंतर कोश आणि मासिकं उपसणारे एकटे रेगेच नव्हते. ही आपल्याकडची एक जातच आहे. पेन्शन सुरू झाली की यांची खरी नोकरी सुरू.

---

कृष्णाकाठ

+१ खानदेशी. त्या जातीचं मूळ गाव आमचं वाई, असं म्हणायला हरकत नसावी.

नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा १९१७ मध्ये साबरमतीहून रजा घेऊन त्यांच्याकडे शिकायला आले होते. त्याच पाठशाळेतून तर्कतीर्थ, धर्मकोश, मीमांसाकोश, आणि पुढे विश्वकोशाचं कार्यालयही वाईतच. बाहेरचे लोक वाईला ढोल्या गणपती बघतात, मेणवलीचा घाट बघतात, कंदी पेढे घेतात आणि महाबळेश्वरला चालते होतात.

माझे वडील नवभारतचे वर्गणीदार होते. शिक्षण जुनी मॅट्रिक, व्यवसाय किराणा दुकान. अंक आला की दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसून वाचत. सगळं कळत असेल असं नाही. एकदा मी विचारलं, अण्णा, हे समजतं का तुम्हाला? म्हणाले, 'अर्धं समजतं. पण हा लिहिणारा मला मूर्ख समजत नाही हे पुरतं समजतं.' ते कुणाच्या लेखाबद्दल बोलत होते ते मला आठवत नाही, आणि ते रेगे सरांबद्दलच होतं असं मी ओढूनताणून म्हणणारही नाही. पण मासिक त्या धोरणाचं होतं, आणि धोरण संपादक ठरवतो.

---

पाटीपेन्सिल

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. अकरावीला 'सोपा विषय' म्हणून घेणारी मुलं आणि सत्यता-कोष्टक आल्यावर रडकुंडीला येणारीही तीच.

परिभाषेबद्दल बोलते. विधान, युक्तिवाद, निष्कर्ष, ज्ञानमीमांसा, उपयुक्ततावाद हे शब्द मुलं आज सहज वापरतात. कुणीतरी ते आधी बसवले म्हणून. हे शब्द काही एकट्या रेगे सरांचे नव्हेत, त्यात वाडेकर आहेत, कितीतरी अनाम शिक्षक आहेत. पण शब्द कोशात असणं निराळं आणि वाक्यात चालणं निराळं. वाक्यात चालतो की लंगडतो हे कळायला त्या शब्दाने पंधरा-वीस लेख लिहावे लागतात. रेगे सरांच्या लेखनात शब्द चालताना दिसतात. वाक्य लांब असलं तरी वाट चुकत नाही.

त्यांचं नीतिशास्त्राच्या इतिहासावरचं पुस्तक मी मराठी माध्यमातून एमए करताना वाचलं. वर्गात शिकवताना सरांनी (माझ्या, रेगे नव्हेत) इंग्रजी नोट्स उतरवून घ्यायला सांगितल्या होत्या आणि 'मराठीत उत्तर लिहिलं तर मार्क कमी पडतात' हेही. मी मराठीतच लिहिलं. मार्क कमी पडले. 😄

---

नेमकंबोला

घटपट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुद्दा मान्य, अंशतः. चर्चा घडवणं हेही तत्त्वज्ञान करणं आहे, ठीक.

पण मग दुसरी तक्रार. उत्तरायुष्यात रेगे परंपरेच्या बाबतीत मवाळ झाले असं माझं वाचन आहे. 'हिंदू धार्मिक परंपरा आणि सामाजिक परिवर्तन' काढून बघा. धर्म आतून बदलता येतो, परंपरेत स्वतःला दुरुस्त करायची ताकद असते, हा सूर. याउलट नागपूरला दि. य. देशपांडे. तेही तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. सत्तरी ओलांडल्यावर १९९० मध्ये 'आजचा सुधारक' काढला, आगरकरांचं नाव घेऊन. सरळ भूमिका: ईश्वर नाही, श्रद्धा हा ज्ञानाचा मार्ग नाही, विवेकाला अपवाद नाहीत. सेवाच मोजायची तर मी माझा हार नागपूरला पाठवीन.

---

कृष्णाकाठ

पाठवा की! दोन हार घ्या, स्वस्त पडतील.

मवाळ हा शब्द मात्र खटकला. कर्मठाला 'तू मूर्ख आहेस' सांगणं सोपं असतं. 'तुझ्याच ग्रंथात असं आहे, मग तू असा का वागतोस' हे सांगायला त्याचा ग्रंथ वाचावा लागतो. वाईत ही रीत जुनी आहे. तर्कतीर्थांनी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार काढून दिले ते याच रीतीने. ती रीत पुरेशी आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. भित्री आहे असं नाही म्हणता येणार.

---

टिपणवही

नेमकंबोला, मला तर यात मौजच वाटते. दोघेही निवृत्त, दोघेही पाश्चात्त्य विश्लेषक परंपरेत मुरलेले, दोघांनीही उतारवयात मराठी मासिकात जीव ओतला, आणि धर्माच्या प्रश्नावर दोन टोकांना. रसेल दोघांचाही. एकाला त्यातून निरीश्वरवाद मिळाला, दुसऱ्याला परंपरेला विचारायचे अवघड प्रश्न.

तुमचं 'नुकसान' अजून डोक्यात आहे. हो, आहे नुकसान. ते नाकारून आपण त्यांना मोठं करत नाही. माझ्या शेल्फवर रेगे सरांचा तो न लिहिलेला जाडजूड ग्रंथ असता तर मला आवडलं असतंच. ते गेले तेव्हा विश्वकोशाचे खंडही पूर्ण व्हायचे होते, विसावा पुष्कळ नंतर आला. म्हणजे स्वतःचं बाजूला ठेवून जे हाती घेतलं तेही पुरं झालेलं बघायला मिळालं नाही. हे 'सेवा' म्हणून गोड करून सांगावंसं मलाही वाटत नाही.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथे मराठी मंडळात वक्ता बोलवायचा म्हटलं की हास्यकवी किंवा नट. एका वर्षी मी म्हटलं, तत्त्वज्ञानावर कुणीतरी बोलवूया. खजिनदार म्हणाले, 'बोलवा, पण जेवणाच्या आधी नको आणि नंतरही नको.'

विश्वकोश आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, त्यामुळे वाईपासून इतक्या लांब बसूनही ती सही मला दिसते. जुने नवभारतचे अंक मात्र कुठे मिळतील ते कुणी सांगा. आणि गौरवाचं विचाराल तर मला एकच सुचतं: घटपट यांनी जे अर्धवट सोडलंय ते पुरं करूया. खोट्या ज्ञानाचं काय? रसेलने त्यापायी विधान सोडलं म्हणता. नैयायिक काय करतो?

---

घटपट

दूरदेशी, हाच प्रश्न हवा होता.

शिंपल्याला पाहून 'ही चांदी' असं वाटलं. नैयायिक म्हणतो, शिंपला खरा आहे, चांदीपणाही खरा आहे, फक्त तो बाजारात, सोनाराकडे. समवाय, म्हणजे चांदी आणि चांदीपणा यांना जोडणारा संबंध, तोही खरा. एकही घटक खोटा नाही. जिथे चांदीपणा नाही तिथे तो प्रकार म्हणून भासला, एवढीच चूक. तर्कसंग्रहात अन्नंभट्ट एका ओळीत सांगून मोकळे होतात: तदभाववति तत्प्रकारकोऽनुभवोऽयथार्थः।

रसेलचं उदाहरण शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं होतं. आपण त्याच नाटकाच्या मराठी रूपांतरातला देवलांचा झुंझारराव घेऊ. झुंझाररावाला वाटतं की कमळजेचं दुसऱ्या कुणावर तरी प्रेम आहे. कमळजा खरी, तो दुसरा खरा, प्रेम नावाचा संबंधही जगात आहे. 'कमळजेचं त्याच्यावरचं प्रेम' अशी एकसंध वस्तू मात्र कुठेच नाही. म्हणून रसेल म्हणाला, झुंझाररावाचं मन या तिघांशी सुटंसुटं जोडलेलं आहे. नैयायिक मान हलवेल. फक्त तो विचारेल, सुटंसुटं जोडलं तर 'तिचं त्याच्यावर' आणि 'त्याचं तिच्यावर' यातला फरक कसा करणार? आमच्याकडे विशेष्य कोण नि प्रकार कोण हे ठरलेलं असतं. तुमच्याकडे?

---

पाटीपेन्सिल

घटपट, थांबा. मला एक अडचण दिसतेय.

'जर कमळजेचं दुसऱ्यावर प्रेम असेल, तर झुंझाररावाचा संताप योग्य आहे.' हे मी म्हणू शकते, कमळजा निर्दोष आहे हे पक्कं माहीत असूनही. मुलांना जर-तरची कोष्टकं शिकवताना हेच तर सांगते, की पहिला भाग आपण मान्य केलेला नसतो, फक्त समोर मांडलेला असतो. मग मला त्या पहिल्या भागाचं 'ज्ञान' झालेलं नाही, भ्रमही झालेला नाही. तरी काहीतरी मांडलं गेलं. ते विधान नाही तर काय? तुमचा तिसरा पाहुणा मागच्या दाराने आत आला ना?

---

नेमकंबोला

पाटीपेन्सिल, जोरदार! आता बोला, घटपट.

(आणि मी दोन हार घेतो. पत्ता वाईचा द्या.)

---

घटपट

आहार्य ज्ञान आहे आमच्याकडे. खोटं आहे हे माहीत असून मुद्दाम केलेलं ज्ञान. 'धूर आहे पण अग्नी नाही असं समजा, मग काय आपत्ती येते बघा', हा तर्काचा नेहमीचा रस्ता. तुमचा जर-तरचा पहिला भाग तिथे बसतो असं मी पटकन म्हणणार होतो.

पण लिहिता लिहिता थांबलो. आहार्यात 'हे खोटं आहे' हा निश्चय आधी लागतो. कमळजेबद्दल खरं-खोटं काहीच माहीत नसलेला माणूससुद्धा तुमचं वाक्य बोलू शकतो. त्याचं ज्ञान आहार्य नाही. संशय म्हणावं तर संशयात दोन बाजू डोलत असतात, इथे एकच मांडली आहे.

मला गुरुजींना विचारावं लागेल. शनिवारी जातोय.

---

लोकल८_१२

शनिवारनंतर लगेच इथे लिहा राव. काकांनाही सांगितलंय, ते रोज विचारतात कमळजेचं पुढे काय झालं.